‘पार्किंग’च्या डोक्यावरचं टिंब

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा पहिल्यांदाच प्रोजेक्टर आला. सेक्रेटरींनी रात्र जागून मराठीत स्लाइड्स केल्या होत्या. रंग साधे, अक्षर ठसठशीत. तरी दुसऱ्याच मिनिटाला मागून आवाज आला, “अहो, ‘सभासदाची थकबाकी’ म्हणजे नक्की कुणाची? नाव तरी सांगा!” पडद्यावर खरं तर ‘सभासदांची’ होतं, म्हणजे सगळ्यांची मिळून. पण ‘दां’वरचं टिंब वरच्या ओळीतल्या ‘मुदत’च्या उकारात बुडून गेलं होतं. पुढची दहा मिनिटं सभा एका नसलेल्या थकबाकीदाराला शोधत होती.

“अक्षर आणखी मोठं करू का?” सेक्रेटरींनी विचारलं आणि केलंही. अक्षर मोठं झालं, टक्करही तेवढीच मोठी झाली. चुकली होती ती दोन ओळींमधली जागा.

आपली लिपी तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर अक्षर, वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि तळघरात उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण. त्याच सभेतला सगळ्यात तापलेला शब्द बघा: पार्किंग. यातल्या एकट्या ‘क’च्या डोक्यावर रफार आहे, पहिली वेलांटी आहे आणि वर अनुस्वारही. आता त्याच्या बरोबर वरच्या ओळीत ‘पूर्वसूचना’ आली, की ‘पू’ आणि ‘सू’चे ऊकार खाली लोंबणार आणि ही सगळी गर्दी एकमेकांत घुसणार. इंग्रजीत अशी वेळ क्वचित येते. तिथे बहुतेक अक्षरं बुटकी, थोडी उंच, थोडी खाली शेपूट सोडणारी. ओळ जराशी आवळली तरी निभावतं.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. ‘डिग्री’ नावाच्या टाइपात तर वरची चिन्हं, अक्षरं आणि खालची चिन्हं असे थर वेगवेगळे जुळवावे लागत. दोन ओळी मोकळ्या करायच्या तर मध्ये शिशाची पातळ पट्टी सरकवायची. ओळींमधल्या अंतराला इंग्रजीत ‘लेडिंग’ म्हणतात ते या शिशावरूनच. छापखान्यात पट्टी हाताने घालावी लागे, म्हणून ती घालायची की नाही याचा विचार तरी होई. संगणकावर तो आपल्या वतीने आधीच कुणीतरी करून ठेवलेला असतो, आणि बहुधा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून.

पॉवरपॉइंटच्या 2013 नंतरच्या नेहमीच्या कोऱ्या साच्यात ओळींचं अंतर 0.9 पट ठेवलेलं असतं. म्हणजे मुळातच आवळलेलं. त्यात मजकूर चौकटीत मावेना झाला की ‘ऑटोफिट’ गुपचूप अक्षर लहान करतं आणि ओळीही आणखी जवळ ओढतं. एक मुद्दा वाढवला की सगळीच स्लाइड का गुदमरते, त्याचं कारण हे. चौकटीच्या कोपऱ्यात येणाऱ्या छोट्या बटणातून हे फिटिंग बंद करता येतं. ते आधी करा.

दुसरी गंमत म्हणजे ‘एकपट’ हे माप प्रत्येक फॉन्टचं वेगळं. र. कृ. जोशींनी घडवलेल्या ‘मंगल’ची ओळ मुळातच ऐसपैस आहे, दुसऱ्या एखाद्या फॉन्टची तशी नसते. शिवाय एका ओळीत मराठी आणि दुसरीत नुसते इंग्रजी शब्द आले, की दोन फॉन्टांमुळे ओळी कमीजास्त अंतरावर बसतात. म्हणून मी ‘पट’ सोडून नेमका आकडा देते. होम टॅबमधल्या ‘लाइन स्पेसिंग ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘एक्झॅक्टली’ निवडायचं. अक्षर 28 पॉइंटचं असेल तर 42 लिहायचं, म्हणजे दीडपट. वेबसाठीच्या 2018 च्या सुगम्यता-निकषांतही दीडपटच आहे. वाचकाने ओळींमधलं अंतर एवढं वाढवलं तरी पानावरचं काही हरवू नये, अशी अट आहे. नेहमीची रुंद स्लाइड 540 पॉइंट उंच असते. शीर्षक वगळून अशा आठ-नऊ ओळी बसतात, आणि खरं सांगायचं तर सहाच पुरेत.

मोकळीक हवी म्हणून काही जण ओळी सोडून अक्षरंच लांब करतात. ‘कॅरेक्टर स्पेसिंग’मधलं ‘लूज’ इंग्रजी शीर्षकाला शोभून दिसतं. मराठीत मात्र त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. त्या बटणाला हात लावू नका. वर सांगितलेल्या निकषांतही, एखाद्या लिपीत अक्षरांमधलं अंतर वापरलंच जात नसेल तर तिला त्या अटीतून सूट आहे. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवणंही टाळा. आपले ‘कार्यकारिणीसमोरच्या’सारखे लांबलचक शब्द पुढच्या ओळीत ढकलले जातात आणि मागे भगदाडं उरतात.

एक अंतर मात्र जरूर वाढवा, दोन मुद्द्यांमधलं. एकाच मुद्द्याच्या दोन ओळी जवळ आणि पुढचा मुद्दा थोडा दूर असला की डोळ्यांना न सांगता कळतं. त्यासाठी दोनदा एंटर मारून रिकामी ओळ सोडायची गरज नाही. ‘लाइन स्पेसिंग ऑप्शन्स’च्याच चौकटीत ‘आफ्टर’समोर 12 किंवा 14 लिहिलं की झालं. आणि ही सगळी मापं ‘स्लाइड मास्टर’मध्ये एकदाच भरून ठेवा, प्रत्येक स्लाइडवर नको.

सेक्रेटरींनी पुढच्या सभेसाठी एवढं सगळं केलं. स्लाइड्स नऊच्या चौदा झाल्या, पण थकबाकीदार कोण, असं कुणी विचारलं नाही. तुमच्याही स्लाइड्स तयार झाल्या की एकदा पडद्यावर लावून सभागृहाच्या मागच्या दारात उभे राहा. ‘पार्किंग’वरचं टिंब तिथून दिसलं, तरच सभेची वेळ कळवा.