पेनिसिलिनची ॲलर्जी : खरी की नुसताच शिक्का?

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत भातलावणी सुरू झाली की चिखलात राबणाऱ्यांच्या पायांच्या जखमा चिघळतात. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘कुठल्या औषधाची ॲलर्जी?’ अनेकदा उत्तर येतं, ‘लहानपणी पेनिसिलिनची रिॲक्शन आली होती म्हणे.’ केसपेपरवर नोंद होते आणि ती आयुष्यभर चिकटते. पण ही ॲलर्जी खरंच असते का?

तपासल्यावर काय दिसतं?

अमेरिकेत साधारण १० टक्के लोकांच्या नावापुढे ही नोंद आहे. रीतसर तपासणी केल्यावर त्यांतल्या १० पैकी ९ हून अधिक जणांना हे औषध चालतं.

मग नोंद होते कशी?

मुलाच्या अंगावर विषाणूमुळे पुरळ उठतं, त्याच वेळी अमोक्सिसिलिन सुरू असतं आणि खापर औषधावर फुटतं. जुलाब, मळमळ हे दुष्परिणामही ॲलर्जी समजले जातात. खरी ॲलर्जीही बहुधा ओसरते. लगेच रिॲक्शन येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांची ॲलर्जी १० वर्षांत जाते.

शिक्क्याने काय बिघडतं?

पेनिसिलिन स्वस्त आणि नेमकं औषध. सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने १९५५ मध्ये पुणे जिल्ह्यातच, पिंपरीत त्याचं उत्पादन सुरू केलं. शिक्का असलेल्यांना मात्र पर्यायी, अनेकदा महाग औषधं मिळतात. त्यातून जंतूंची औषधांना दाद न देण्याची ताकदही वाढते. गर्भवतीला सिफिलिस झाला, तर बाळाला वाचवण्यासाठी पेनिसिलिनला खात्रीचा पर्यायच नाही.

तपासणी कशी होते?

आधी जुनी हकिगत : कोणतं औषध, किती वेळाने त्रास, नेमकं काय झालं, नंतर ते औषध पुन्हा घेतलं का? गरज वाटल्यास त्वचेवर चाचणी होते. शेवटी अमोक्सिसिलिनचा डोस देऊन रुग्णाला तासभर तरी नजरेखाली ठेवतात. धोका कमी असलेल्या ३८२ प्रौढांवर झालेला ‘पॅलेस’ हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. थेट तोंडी डोस देणंही त्वचाचाचणीनंतर डोस देण्याइतकंच सुरक्षित ठरलं.

सावध कुठे राहायचं?

औषधाने त्वचा सोलवटली असेल, तोंडात फोड आले असतील किंवा यकृत-मूत्रपिंडाला इजा झाली असेल, तर ही चाचणी करत नाहीत. घरी गोळी घेऊन बघणं तर जिवावर बेतू शकतं. तीव्र रिॲक्शनमध्ये काही मिनिटांत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. डोंगरातल्या वाडीवरून तेवढ्यात दवाखाना गाठता येत नाही. त्यामुळे शिक्का पुसायचा तो डॉक्टरांसमोरच. आणि पुसला गेला, की तसं लेखी घेऊन तो कागद जपून ठेवायचा.