सीईटी, नीट की आयईएलटीएस? पुस्तकांचा सेट घेण्याआधी एवढं बघा

अहिल्यानगर : दहावीचा निकाल लागला की गावोगाव क्लासची पत्रकं येतात आणि पोरगं घरी येऊन म्हणतं, "पप्पा, सगळा सेट घ्यावा लागंल." पाथर्डी, जामखेडकडं कितीतरी घरांत हा पैसा ऊसतोडीच्या उचलीतून निघतो. म्हणून पैसे मोजण्याआधी पोराला एकच विचारा : परीक्षा कोणती देणार?

इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी देणार असेल तर पहिलं पुस्तक बालभारतीचं. पेपर राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर निघतो. साधारण ८० टक्के भर बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर असतो. हे धडे कोणते, ते सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. ती यादी दरवर्षी नव्यानं बघा, मागच्या वर्षीच्या पोरांना विचारून भागवू नका. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात.

पण नुसतं पुस्तक वाचून सीईटी निघत नाही. प्रश्नांची पातळी जेईई मेनची ठेवलेली असते, त्यामुळे एक चांगला प्रश्नसंच लागतोच. एकच घ्या, पण पुरा सोडवा. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण आणि वेळ ९० मिनिटं, म्हणजे घड्याळ लावून सराव हवा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. फिजिक्स, केमिस्ट्रीचा पेपर मराठीतही घेता येतो, गणित मात्र इंग्रजीतच असतं. ही गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून किंवा गावातल्या दादाकडून जुनी पुस्तकं आणायला हरकत नाही, पण साल बघा. अकरावीचा अभ्यासक्रम २०१९ ला आणि बारावीचा २०२० ला बदलला. त्याआधीचं गाईड स्वस्तात मिळालं तरी महागातच पडतं.

नीटचं गणित वेगळं. तिथं एनसीईआरटी लागते, तीही नवी आवृत्ती, कारण मधे बरेच धडे वगळले गेले. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकलं की १ जातो. सीईटीची अंदाजे ठोकायची सवय इथं अंगाशी येते. एनसीईआरटीची पुस्तकंही मोफत आहेत. जेईई, नीटच्या सरावासाठी केंद्र सरकार आणि आयआयटी कानपूरचं 'साथी' हे संकेतस्थळ फुकट आहे.

ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रिमिलेअर मुलांसाठी महाज्योती संस्था सीईटी, जेईई, नीटचं मोफत प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटाही. अर्ज दहावीनंतर निघतात. जाहिरातीवर नजर ठेवा आणि दाखले आधीच काढून ठेवा, ऐनवेळी सेतू केंद्रात रांग असते.

परदेशात शिकायचं असेल तर इंग्रजीची परीक्षा आली. आधी विद्यापीठाला कोणती चालते ते बघा, मग पुस्तक. आयईएलटीएसमध्ये कॉलेजसाठी 'ॲकॅडमिक' लागते. 'जनरल'चं पुस्तक घेतलं तर वाचन आणि लेखनाचा सराव चुकीचा होतो. निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे बारावीतच घाईनं परीक्षा देऊन ठेवू नका. टोफेलचं २०२६ च्या आधीचं पुस्तक तर नकोच, तेव्हाचा पेपर आताच्यापेक्षा लांब होता. नमुना प्रश्न या परीक्षांच्या अधिकृत संकेतस्थळांवर फुकट मिळतात. बोलण्याच्या भागाला मात्र पुस्तक पुरत नाही. मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि गावातल्या इंग्रजीच्या सरांना ऐकवायचा.