नकाशातून उठलेली गावे

अमेरिकेच्या जुन्या सरकारी नकाशांवर घर म्हणजे एक इवलासा भरीव काळा चौकोन. चौकोनावर झेंडा काढला की शाळा, क्रूस काढला की चर्च. माणसाने उभारलेले सगळे काळ्या शाईत, पाणी निळ्या, डोंगरांचे चढउतार तपकिरी समोच्च रेषांत. १८८०च्या दशकापासून पुढे नेवाडा, यूटा, न्यू मेक्सिको, पूर्व कॅलिफोर्निया असा अफाट कोरडा मुलूख या तीन शाईंत उतरत गेला. खाणी कुठे, पाणी कुठे, रेल्वे कुठून नेता येईल, हे नव्याने येणाऱ्यांना आणि त्यांच्या सरकारला कळावे, एवढाच हेतू. माणसे वसवण्यासाठी काढलेले हे स्थलनिर्देशक नकाशे आज वाचले जातात ते मात्र माणसे कुठून उठून गेली याचा माग काढायला.

एकच नकाशा घेऊन बसले तर फारसे काही हाती लागत नाही. त्याच जागेची वेगवेगळ्या काळातली पत्रके शेजारी शेजारी मांडली की वजाबाकी सुरू होते. इथे शाळा होती, पुढच्या पत्रकात नाही. इथे निळे तळे होते, आता नुसती ठिपक्यांची रेती. अशी वजाबाकी करायला पूर्वी मोठ्या ग्रंथालयांचे उंबरठे झिजवावे लागत. आता ‘युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हे’ने, म्हणजे यूएसजीएसने, १८८४ ते २००६ या काळातली पावणेदोन लाखांहून अधिक पत्रके स्कॅन करून ‘टोपोव्ह्यू’ नावाने सगळ्या जगाला फुकट दिली आहेत. सह्याद्रीतल्या घाटवाटा टोपोशीटच्या कितव्या तरी झेरॉक्सवर शोधणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या भटक्यांना याचा हेवा वाटला तर नवल नाही. प्रमाणही त्यांच्या ओळखीचे आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची एक इंचाला एक मैलाची शीट म्हणजे १:६३,३६०, आणि अमेरिकेची जुनी पंधरा मिनिटांची शीट १:६२,५००. दोन्हींवर दिवसभराची चाल साधारण तितकीच लांब दिसते.

यूएसजीएसची स्थापना १८७९ची. तिचे दुसरे संचालक जॉन वेस्ली पॉवेल हे या गोष्टीतले खरे पात्र. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत उजवा हात गमावलेला हा माणूस १८६९मध्ये लाकडी होड्यांतून कोलोरॅडो नदीच्या दऱ्या उतरला. १८७८च्या अहवालात त्याने सरकारला स्पष्ट बजावले, की शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला पाऊस वीस इंचांच्या आत आहे आणि पूर्वेकडचा १६० एकरांचा हिशेब तिथे चालणार नाही. ओलिताखाली ऐंशी एकर पुरे, आणि कुरणावर जगायचे तर २,५६० एकरही जास्त नाहीत. आधी मोजणी करा, पाणी किती आहे ते बघा, मग माणसे वसवा, हा त्याचा क्रम. १८८४मध्ये त्याने काँग्रेसकडून देशभराच्या नकाशांसाठी मंजुरी मिळवली. १८८८पासून सिंचनाच्या पाहणीमुळे पश्चिमेतल्या कामाला जोर आला. पण पाहणी होईतो जमिनीचे वाटप थांबले, तशी ओरड झाली आणि १८९०मध्ये काँग्रेसने त्या पाहणीचा पैसाच तोडला. १८९३मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत, या सगळ्या जमिनीला पुरेल एवढे पाणी नाही, असे पॉवेलने सांगितले, तेव्हा सभेने त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या वर्षी त्याने पद सोडले. नकाशे निघत राहिले, पण ज्या क्रमाने ते वापरायला हवे होते तो क्रम मोडला. माणसे आधी आली, हिशेब मागाहून झाला.

तंत्राबद्दल थोडक्यात. तिकाटण्यावर पाट, पाटावर कागद, त्यावर दुर्बीण लावलेली पट्टी. या ‘प्लेन टेबल’वर मोजणीदार समोरचा डोंगर बघून जागच्या जागी रेषा काढत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विमानातून घेतलेल्या छायाचित्रांनी हे काम बरेचसे ताब्यात घेतले. वाचणाऱ्याने एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: समासातल्या तारखा वेगवेगळ्या वाचाव्यात. मोजणीचे साल, आवृत्तीचे साल आणि पुनर्मुद्रणाचे साल ही तीन निरनिराळी असतात. १९२७चा शिक्का बघून १९२७चे गाव शोधायला जावे, तर नकाशातले गाव १९०५चे निघते. पुढे जांभळी शाई आली. फक्त हवाई छायाचित्रावरून केलेली आणि प्रत्यक्ष जागेवर न तपासलेली दुरुस्ती जांभळ्यात. सरकारी कागदावर इतका प्रामाणिक रंग विरळाच.

आता जाळी. १७८५च्या जमीन कायद्याने सहा मैलांचा चौरस म्हणजे एक टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, अशी आखणी ठरली. पुढे ती डोंगर, दरी, नदी काही न बघता पश्चिमेवर पसरत गेली. नकाशात खाली तपकिरी रेषा वळणे घेतात आणि वर ही जाळी ताठ उभी. कुठे सरळ चाललेला रस्ता अचानक काटकोनात सरकून पुन्हा सरळ होतो, तिथे बहुधा पृथ्वीच्या गोलाईमुळे जुळवाजुळव करावी लागली आहे. न्यू मेक्सिकोत मात्र रिओ ग्रांदेच्या काठी ही जाळी एकदम तुटते. तिथे स्पॅनिश आणि मेक्सिकन राजवटींनी दिलेल्या वतनांच्या वेड्यावाकड्या हद्दी लागतात, आणि निळ्या बारीक रेषांनी दाखवलेले ‘असेकिया’, म्हणजे गावकीने राखलेले पाट. १८९१ ते १९०४ या काळात खास न्यायालय नेमून या वतनांचे दावे तपासले गेले आणि पुष्कळ जमीन गावांच्या हातून गेली. एका कागदावर दोन राज्यांच्या दोन हिशेबपद्धती अंगाला अंग लावून बसलेल्या दिसतात.

पण हे सगळे जिथे एकत्र भेटते ती जागा म्हणजे पूर्व कॅलिफोर्नियातले ओवेन्स खोरे. सिएरा नेवाडाच्या उंच भिंतीखाली, माउंट व्हिटनीच्या सावलीत. माउंट व्हिटनी नावाचे जुने पत्रक १९०७चे. त्यात लोन पाइन आणि इंडिपेंडन्स ही गावे आहेत, ओवेन्स नदी वळणे घेत दक्षिणेला उतरते आहे. पत्रकाच्या पलीकडे ती ओवेन्स तलावाला मिळत असे. शंभरेक चौरस मैलांचे ते खारे पाणी. १८७०च्या दशकात सेरो गोर्डोच्या खाणीतल्या चांदी-शिशाच्या लगडी ‘बेसी ब्रेडी’ नावाच्या आगबोटीतून त्यावरून जात. १८८३मध्ये काठावरच्या कीलरपर्यंत अरुंद रुळांची गाडीही आली.

नकाशा छापून झाला तेव्हाच लॉस एंजेलिस शहराची माणसे खोऱ्यात जमिनी घेत होती. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी २३३ मैलांचा कालवा सुरू झाला आणि नदी शहराकडे वळली. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तलाव आटला. चिडलेल्या गावकऱ्यांनी १९२४मध्ये कालव्याचे अलाबामा दरवाजे काही दिवस ताब्यात घेतले, सुरुंगही लावले. १९२७च्या ऑगस्टमध्ये खोऱ्यातली बँक बुडाली आणि प्रतिकाराचा कणाच मोडला. नंतरच्या नकाशांत तलावाचा निळा रंग जाऊन कोरडे पात्र येते. त्या पात्रावरून उडणारी विषारी धूळ दाबण्यावर शहराने आतापर्यंत दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च केला आहे. पॉवेलने सांगितलेला हिशेब शेवटी असा वसूल झाला, म्हणायचे.

याच पत्रकाची खरी शिकवण मात्र त्यात जे नाही त्यात आहे. लोन पाइन आणि इंडिपेंडन्सच्या मधोमध १९१०मध्ये मांझानार नावाचे फळबागायतदारांचे गाव वसले. सफरचंद, नासपती, शाळा, दुकान. शहराने जमिनी विकत घेतल्या, पाणी गेले आणि १९२९पर्यंत गाव उठले. मार्च १९४२मध्ये त्याच जागी काटेरी तारांच्या आत बराकी उभ्या राहिल्या. जपानी वंशाच्या दहा हजारांहून अधिक लोकांना तिथे डांबले होते, त्यात बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक. गावकऱ्यांनी मागे टाकलेल्या झाडांची निगा मग या बंद्यांनी राखली. नोव्हेंबर १९४५मध्ये छावणी बंद झाली, बराकी मोडून विकल्या गेल्या. खोऱ्याची पुढची तपशीलवार पत्रके निघाली १९५०च्या दशकात. म्हणजे गाव वसले आणि उठले, छावणी भरली आणि रिकामी झाली, हे सगळे दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत. नकाशाला यातले काहीच दिसले नाही. जुन्या नकाशांवर जीव टाकणाऱ्याने हे खोरे एकदा तरी कागदावर पाहावे, म्हणजे नकाशात नाही म्हणजे नव्हतेच, ही सवय सुटेल.

आणखी मागे गेले तर आणखी एक थर लागतो. या खोऱ्याला पाय्यूट लोक ‘पायाहूनाडू’ म्हणत, आणि सिएरातून उतरणारे पाणी पाटांनी फिरवून रानातले कंद वाढवत. १८६३मध्ये सैन्याने त्यांच्यातल्या हजारभर लोकांना हाकलत दक्षिणेला फोर्ट तेहोनला नेले. १८५०च्या दशकात इथे आलेल्या सरकारी मोजणीदाराच्या कागदांत त्यांचे पाट सापडतात. हे कागद यूएसजीएसचे नव्हेत, जनरल लँड ऑफिस या जमीन खात्याचे. अमेरिकेचा सातबारा म्हणावा असे दप्तर. टाउनशिपचे नकाशे, मोजणीदाराची टिपणवही आणि पुढे कुणाला कुठला तुकडा मिळाला याची नोंद, तिन्ही आज संगणकावर बघता येतात. स्थलनिर्देशक नकाशा चौकोन दाखवतो, त्या चौकोनातले नाव या दप्तरात मिळते. दोन्ही एकत्र नसतील तर इतिहास अर्धाच.

मोंटानाच्या पूर्व पठारावर तर चौकोनच उशिरा आले. १९०९च्या कायद्याने कोरडवाहू शेतीसाठी ३२० एकर देऊ केले, रेल्वे कंपन्यांनी जाहिराती केल्या, लोक लोंढ्याने आले. १९१७पासून अवर्षण लागले. १९२०च्या दशकात लोकसंख्या घटलेले मोंटाना हे अमेरिकेतले एकमेव राज्य. त्यातल्या बऱ्याच भागाची बारकाईची मोजणी झाली ती ही माणसे निघून गेल्यावर; त्यामुळे तिथे शोध लागतो तो उरलेल्या खुणांचा. एकटी पवनचक्की, कुठेच न जाणारी तुटक रेषेची वाट, वस्ती नसताना दिसणारी दफनभूमी. पोरांना चालत जाता यावे म्हणून शाळा काही मैलांवर असत. एवढे ध्यानात धरले तरी झेंड्याच्या चौकोनाभोवती किती घरे असतील याचा अंदाज बांधता येतो. जागेवर गेल्यावर बहुतेकदा पायाचे दगड आणि लायलॅकचे झुडूप, एवढेच. तिथून काही उचलू नये. १९७९च्या कायद्याने सरकारी जमिनीवरच्या शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूंना संरक्षण आहे. खाणीची खूण दिसली तर आणखी सांभाळून, कारण उघडी भुयारे नकाशाइतकी स्वच्छ नसतात.

रेल्वेचा मागही असाच लागतो. यूटातल्या प्रोमंटरी इथे १० मे १८६९ रोजी दोन दिशांचे रूळ जोडले गेले, ही घटना अमेरिकेतल्या शाळकरी पोरालाही पाठ. १९०४मध्ये ग्रेट सॉल्ट लेकवरून थेट मार्ग निघाला आणि हा मूळ फाटा आडबाजूला पडला; १९४२मध्ये युद्धासाठी त्याचे रूळ उखडले. केल्टन, टेरेस ही फाट्यावरची गावे आता नावापुरती. पण डोंगर कापून सपाट केलेली वाट समोच्च रेषांना खेटून जाते, आणि रूळ गेल्यावरही ती वाट नकाशातून पुसली जात नाही.

कोलोरॅडोवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाने १९६३मध्ये पाणी अडवले. हाइट नावाचे उताराचे ठिकाण बुडाले आणि त्या जलाशयाला नाव मिळाले लेक पॉवेल. पाणी पुरणार नाही म्हणणाऱ्याचे नाव त्याच पाण्याला! २०२३च्या सुरुवातीला तो जेमतेम पाव भरलेला होता. बुडालेल्या घळी उघड्या पडू लागल्या तशी धरणापूर्वीची पत्रके पुन्हा लोकांच्या उपयोगी पडली, वाटा शोधायला.

नावांविषयी बोलायचे तर ओवेन्स खोऱ्यातच परत यावे लागते. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूच्या खाणवाल्यांनी तिथल्या खडकाळ टेकड्यांना ‘अलाबामा’ या युद्धनौकेचे नाव दिले. १८६४मध्ये ‘कियरसार्ज’ने ती नौका बुडवली, तसे उत्तरेच्या बाजूच्यांनी जवळच्या खाणीला कियरसार्जचे नाव ठेवले, आणि ते पुढे खिंडीला आणि शिखरालाही चिकटले. समुद्र शेकडो मैल दूर, आणि आरमारी भांडण डोंगरावर कोरलेले. सगळी नावे इतकी निरुपद्रवी नव्हती. मूलनिवासी स्त्रियांना हिणवणारा एक शब्द साडेसहाशेच्या आसपास डोंगर-ओढ्यांच्या नावांत होता. २०२२मध्ये तो सरकारी नोंदीतून काढला. जुन्या पत्रकांवर तो आहेच, आणि कोण कुणाला काय म्हणत होते हे कळायला तो तिथे राहिलेला बरा.

२००९पासून यूएसजीएस ‘यूएस टोपो’ नावाचे नवे नकाशे काढते. ते संगणकातल्या साठ्यातून दर काही वर्षांनी आपोआप तयार होतात, मोजणीदार रानात जात नाही. रस्ते अचूक, रेषा स्वच्छ, हवाई छायाचित्र खाली जोडलेले. मात्र सुट्या घरांचे काळे चौकोन आणि पवनचक्क्या त्यांत बहुतेक ठिकाणी नाहीत. शाळा, इस्पितळ, अग्निशमन केंद्र अशा मोजक्या इमारती तेवढ्या दाखवतात. नेवाडातले एखादे एकटे गुरांचे ठाणे येत्या दहा वर्षांत ओस पडले, तर मागच्या आणि पुढच्या पत्रकात काहीच फरक दिसणार नाही.