प्रेत नाही, म्हणून गुन्हा नाही?

अमेरिकेतल्या न उलगडलेल्या खुनांची चर्चा निघाली की जिमी होफाचं नाव येतंच. ट्रकचालकांच्या संघटनेचा हा बडा पुढारी 30 जुलै 1975 रोजी डेट्रॉइटजवळच्या एका हॉटेलच्या आवारातून नाहीसा झाला. प्रेत मिळालं नाही, खुनाचा खटला कुणावर उभा राहिला नाही. 1982 साली त्याला कायद्याने मृत ठरवलं, एवढंच. माझी नोकरी ब्रह्मपुरी-नागभीडच्या जंगलात वनपाल म्हणून गेली. होफाबद्दल वाचताना मला जय आठवतो.

नागझिऱ्यात वाढलेला हा वाघ 2013 मध्ये गावं, रस्ते, नद्या ओलांडत शंभरावर किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला. त्याला बघायला लोक लांबून येत. 2016 च्या मार्चमध्ये त्याच्या गळ्यात दुसरी रेडिओ कॉलर बसवली. 18 एप्रिलला पवनीकडून शेवटचा सिग्नल आला, मग काहीच नाही. शोधपथकं फिरली, सीबीआय चौकशीची मागणी झाली. जयचं ना हाड मिळालं, ना कॉलर.

मेलेला वाघ सापडला तर नियम कडक आहे: शिकार नाही हे सिद्ध होईपर्यंत ती शिकारच धरायची. पंचनामा, शवविच्छेदन, नखं-दात तपासणं, मग सगळ्यांदेखत जाळणं. वाघच सापडला नाही तर पीओआर, म्हणजे गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, कशाचा फाडायचा? ‘दुसरीकडे गेला असेल’ म्हणायला वाट मोकळी. ही पळवाट मला आजही बोचते.

जयचा मुलगा श्रीनिवास. त्यालाही कॉलर होती. एप्रिल 2017 मध्ये तो नागभीड परिक्षेत्रात सापडला, शेतातल्या विजेच्या तारेने मेलेला आणि जमिनीत पुरलेला. बापाच्या बाबतीतही माझा संशय तारेवरच आहे.

आमच्याकडे रानडुकरं एका रात्रीत बांधीतलं धान लोळवतात. शेतकऱ्याचं ते दुःख खरं आहे, मी ते जवळून पाहिलंय. मग एखादा अंधार पडल्यावर लाइनवर आकडा टाकतो, बांबूच्या खुंट्यांवरून गुडघ्याखाली तार फिरवतो आणि उजाडायच्या आत गुंडाळतो. मागे उरतात एका रेषेतली खुंट्यांची भोकं आणि मधेमधे करपलेलं गवत. वाघाच्या अंगावर पंजाला नाहीतर तोंडाशी भाजल्याचा डाग, बाकी कातडं शाबूत. डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ मेला की माणूस हादरतो आणि कुदळ घेऊन खड्डा खणायला लागतो.

पण आकडा उच्चदाबाच्या लाइनवर असेल, तर तारेचा करंट जमिनीत उतरल्यावर अनेकदा लाइन ट्रिप होते, आणि तिची वेळ सबस्टेशनमध्ये नोंदली जाते. म्हणून नव्या वनरक्षकांना मी सांगतो: कॉलरचा सिग्नल थांबला की ठसे शोधत बसण्याआधी महावितरणकडून त्या रात्रीच्या ट्रिपिंगची नोंद मागवा. ज्या फीडरवर अपरात्री लाइन गेली, त्याच्याखालच्या बांध्या आधी पालथ्या घाला, नांगर फिरायच्या आत.