सीमा सरकली, माणसे राहिली

तामसीकडील एखादी आजी नातवाला घेऊन दवाखान्यात येते. बाळाचे दुखणे ती मराठीत सांगते. सोबतची शाळकरी थोरली नात मात्र तेलुगूतून उत्तर देते. ही मंडळी येथे कोठून आली, असे परगावचे व्यवसायबंधू विचारतात. वस्तुतः अशी अनेक घरे जागची हललीच नाहीत. हलली ती सीमा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले, उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे.

अशा प्रदेशात वारसा कशाच्या आधारे टिकतो? जिल्ह्यातील दोन स्थाने याचे उत्तर देतात. जैनथच्या मंदिरात परमार जगद्देवाच्या काळातील शिलालेख आहे. भाषा संस्कृत, लिपी नागरी. अक्षरे आठ-नऊशे वर्षे टिकली. परंतु ती वाचण्यास आज तज्ज्ञच लागतो.

दुसरे स्थान केसलापूरचा नागोबा. गोंड समाजातील मेस्राम कुळाचे हे दैवत. पौष अमावास्येच्या जत्रेपूर्वी कुळातील मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे जल आणतात. पूजेची मडकी सिरिकोंड्याचे कुंभार घडवितात. नव्या सुनांची ‘भेटिंग’ विधीने देवाशी ओळख करून दिली जाते; त्यानंतरच त्या कुळाच्या झाल्या, असे मानतात. कुळाने वर्गणीतून उभारलेले दगडी मंदिर २०२२ मधील. परंपरा मात्र त्याहून कितीतरी जुनी. कारण तेथे प्रत्येकाला नेमून दिलेले काम आहे.

आपल्याकडे देवळांना नवा रंग लागतो, सभामंडप उभे राहतात; मुले मात्र प्रसादापुरती येतात. लसीची पहिली मात्रा देऊन वर्धक मात्रा चुकविली, तर संरक्षण ओसरते, हे आपण पालकांना रोज सांगतो. भाषेचेही तसेच आहे. घरात कानावर पडलेली मराठी मुलांच्या ओठी पुन्हा पुन्हा यावयास हवी. हरिनाम सप्ताहात एखाद्या मुलीने ज्ञानेश्वरीची एक ओवी वाचावी, एखाद्या मुलाने टाळ धरावा आणि चुकल्यास आजीने सांगावे. तेलुगू त्यांना येतेच, ती उत्तम यावी. त्यासाठी मराठी सोडण्याचे कारण नाही.

आपणा डॉक्टरांच्या वाट्यालाही एक काम आहे. तपासताना लहानग्याशी दोन वाक्ये त्याच्या आजीच्या भाषेत बोलावीत.