मोहाचे फूल : साखर, दारू आणि जंगल

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हे नाव तिथल्या जुन्या तलावामुळे आणि १९७५ मध्ये घोषित झालेल्या राष्ट्रीय उद्यानामुळे आपल्याला परिचित आहे. या परिसरातील जंगलात आणि गावांच्या शिवारात मोहाची झाडे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पाने गळून गेलेल्या या झाडांखाली पहाटे पांढुरक्या, मांसल फुलांचा सडा पडतो. तो वेचायला घरातील लहानथोर सगळे जातात. शहरातील माणसाला मात्र मोह म्हटला की दारूच आठवते. या फुलाचे शास्त्र नीट पाहिले, तर दारू हा त्याचा अनेकांपैकी एक उपयोग आहे हे ध्यानात येते.

झाडाखाली पडते ते संपूर्ण फूल नसते. पाकळ्या एकत्र जुळून झालेला दलपुंज तेवढा गळतो. परागणाचे काम झालेले असते. अंडाशय देठावरच राहतो आणि त्याचे पुढे फळ होते. त्यामुळे गळलेली फुले वेचल्याने फळे कमी होत नाहीत. फळातील बियांपासून तेल मिळते. म्हणजे एकाच झाडापासून आधी साखर आणि मग तेल, अशी दोन पिके आपल्याला मिळतात.

ताज्या फुलात पाणी पुष्कळ असते. फुले उन्हात वाळवली की सुक्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग शर्करांचा भरतो. पाणी उरले नाही की सूक्ष्मजीवांना वाढता येत नाही, म्हणून अशी फुले महिनोन्महिने टिकतात. भाकरीत, भाजीत किंवा नुसती भाजून ती खाल्ली जातात. घरात धान्य कमी असेल तेव्हा हा साठा कामी येतो.

हीच फुले पाण्यात भिजवून ठेवली की यीस्ट ही सूक्ष्म बुरशी शर्करेवर वाढू लागते. हवा नसताना ती शर्करेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. याला किण्वन म्हणतात. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू मिळतो. सुक्या १०० किलो फुलांत ५० किलो शर्करा धरली, तर अल्कोहोल किती मिळेल? उत्तर सुमारे साडेपंचवीस किलो येते. प्रत्यक्षात ते याहून कमीच मिळते.

अल्कोहोलचे प्रमाण बारा-पंधरा टक्क्यांवर गेले की बहुतेक यीस्ट स्वतःच निर्माण केलेल्या या पदार्थामुळे निकामी होते. द्राक्षाची वाइन साधारण इथेच थांबते. मोहाची दारू मात्र पुढे ऊर्ध्वपातनाने काढतात. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशांना. त्यामुळे मिश्रण तापवले की वाफेत अल्कोहोलचे प्रमाण अधिक असते आणि ती वाफ थंड केली की तीव्र द्रव मिळतो. युरोपातील आल्प्स पर्वतातही हीच रीत आढळते. तिथे खोऱ्यांतील उबदार उतारांवर द्राक्षे पिकतात आणि त्यांची वाइन होते. उंचावरच्या कुरणांत मात्र जेन्शियन या वनस्पतीची कडू मुळे आंबवून त्यांचा अर्क काढतात. रसाळ फळ नसले तरी साखर असली की पुरते.

घरगुती भट्टीचे धोकेही मुलांना सांगायला हवेत. अल्कोहोलचे व्यसन घरे उद्ध्वस्त करते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या मागणीवरून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटनांत बहुधा मिथेनॉल मिसळलेले आढळते. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशाच दारूने शंभरावर माणसे दगावली. डोळ्यांना किंवा नाकाला मिथेनॉल ओळखता येत नाही.

कायद्याने मात्र बराच काळ दारूबरोबर फुलावरही बोट ठेवले. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा झाला आणि ती गोळा करण्यावर व बाळगण्यावर बंधने आली. नवेगाव त्या वेळी मध्य प्रांतात होते. पुढे महाराष्ट्रातही ही फुले दारूबंदी कायद्याच्या कक्षेत राहिली. २०२१ मध्ये राज्य शासनाने फुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. परवान्याशिवाय दारू गाळणे आजही गुन्हाच आहे.

आता खरी काळजी जंगलाची आहे. फुले नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. ही आग पसरते आणि मोहाची कोवळी रोपे जळतात. बिया तेलासाठी गोळा होतात, उरलेल्या रुजल्या तरी आगीत जातात. मग जुन्या झाडांची जागा कोण घेणार? पाला झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी अंथरली, तर आग लावायची गरजच उरत नाही.

वर्गात किण्वन दाखवायला मोहफुले किंवा गूळही चालेल. बाटलीत कोमट गुळाचे पाणी व थोडे यीस्ट घालून तोंडाला फुगा बांधावा. झाकण घट्ट लावू नये आणि द्रव कोणी चाखू नये. तासाभरात फुगा फुगू लागतो. त्या वायूची निवळी चुन्याच्या निवळीतून जाऊ दिली की ती दुधी होते. मग मुलांना विचारावे: आपल्या गावात मोहाची झाडे किती आहेत, आणि त्यांतली दहा वर्षांच्या आतली किती?