जिन्याशी अडलेला म्हातारा कुत्रा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मराठवाड्यातल्या बदनापूरसारख्या गावात रस्त्यालगतची नवी घरं पुष्कळदा एकाच पद्धतीची असतात. खाली दुकान, वर राहणं आणि मधे अरुंद, उभा जिना. जागा वाचवण्यासाठी पायऱ्या उंच आणि आखूड, वरून गुळगुळीत फरशी. या जिन्यावरून वर्षानुवर्षं धावलेला कुत्रा एक दिवस पहिल्या पायरीशी थांबतो. वर बघतो, पुढचा पाय ठेवतो आणि काढून घेतो. घरातले म्हणतात, "म्हातारा झालाय, आता असंच चालायचं." सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीमुळे होतं.

वय वाढणं हा आजार नाही. जिना टाळणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला बहुतेक वेळा कुठेतरी दुखत असतं, आणि त्या दुखण्यावर उपाय असतात. सगळ्यात नेहमीचं कारण सांध्यांची झीज. हाडांच्या टोकांवरची मऊ कूर्चा झिजते, सांधा सुजतो, आखडतो. झिजलेली कूर्चा परत येत नाही हे खरं, पण वेदना नक्की कमी करता येते.

वयाचा हिशेबही आपण चुकीचा करतो. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे सूत्र बरोबर नाही. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरून २०२० मध्ये जो हिशेब मांडला, त्यात कुत्रा पहिल्या वर्षातच माणसाच्या तिशीला पोचतो, नंतर वेग मंदावतो आणि बाराव्या वर्षी तो सत्तरीच्या आसपास असतो. जातीप्रमाणे फरकही पडतो. जर्मन शेफर्डसारखा थोराड कुत्रा सात-आठ वर्षांतच उतरणीला लागतो, लहान चणीचा बराच उशिरा.

"दुखत असतं तर ओरडला असता," असंही म्हणतात. पण रोजचं, मुरलेलं दुखणं कुत्रा ओरडून सांगत नाही. ते त्याच्या वागण्यातून ओळखावं लागतं. झोपून उठल्यावर पहिली चार पावलं आखडलेली पडतात. दोन्ही मागचे पाय एकदम उचलून सशासारखी उडी मारत तो चढतो. एकच सांधा सतत चाटत बसतो. कमरेला हात लावला की मान वळवून बघतो, कधी गुरगुरतो, आणि आपण म्हणतो स्वभाव बिघडला. थंडीत, पहाटे हे जास्त जाणवतं.

चढताना अडतो की उतरताना, हेही नीट बघा. चढताना जोर मागच्या पायांवर येतो, म्हणून कंबर, खुबा किंवा गुडघा दुखत असेल तर चढणं नको वाटतं. उतरताना भार पुढे येतो, त्यामुळे खांदा किंवा कोपर दुखत असेल तर वरून खाली येताना पाय अडखळतो. फक्त अंधारात अडत असेल तर डोळे तपासून घ्यावेत. म्हातारपणी डोळ्यात दिसणारी निळसर झाक दरवेळी मोतीबिंदू नसते. नुसती झाक असेल तर कुत्र्याला बऱ्यापैकी दिसतं. दवाखान्यात घाबरून कुत्रा सरळ चालायला लागतो, म्हणून घरातला जिन्यावरचा व्हिडिओ मोबाईलवर काढून डॉक्टरांना दाखवा.

आपल्याकडे आणखी एक कारण हमखास तपासायला हवं: गोचीड. गोचिडांमधून होणाऱ्या तापात सांधे सुजतात, कुत्रा लंगडतो, मलूल होतो. हे तरुण कुत्र्यालाही होतं, म्हाताऱ्यालाही. रक्ताच्या तपासणीत कळतं आणि औषधानं बरं होऊ शकतं. ते वयावर ढकललं तर जीव जाऊ शकतो.

सगळ्यात धोकादायक गैरसमज औषधांचा. "आपण घेतो तीच अर्धी गोळी द्यायची." डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, आतून रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. डांबरासारखी काळी शी, उलट्या, खाणं बंद, असं दिसलं की तातडीनं दवाखाना गाठायचा. एका प्राण्याला सोसणारं औषध दुसऱ्याला विष ठरतं, हे आपल्या देशानं पाहिलं आहे. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडली, थवेच्या थवे संपले, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजानं देऊ नये. कुत्र्यांना चालणारी वेदनाशामकं आहेत, पण मात्रा वजनावर ठरते आणि आधी यकृत-मूत्रपिंडांची तपासणी करावी लागते. आधी कुठे स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र गेली तर पोटावर संकट येतं. बाम किंवा कापराचं तेल चोळणंही टाळा, कारण कुत्रा ते चाटून पोटात घेतो. कोमट पाण्याच्या पिशवीचा शेक चालतो, आधी आपल्या मनगटाला लावून बघायचा.

"अंगानं भरलाय म्हणजे तब्येत चांगली." याच्या विरुद्ध पुरावा भक्कम आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांचा आयुष्यभर अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. कमी खाणारे कुत्रे साधारणपणे ११.२ ऐवजी १३ वर्षं जगले आणि सांध्यांच्या दुखण्यावर कायमचे उपचार घेण्याची वेळ त्यांच्यावर सुमारे तीन वर्षं उशिरा आली. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या घरी प्रत्येक जण प्रेमानं पोळीचा एकेक तुकडा टाकतो, वर तूप, रात्री दूध-पोळी. फासळ्या हाताला सहज लागायला हव्यात. लागत नसतील तर वजन हळूहळू उतरवणं हा पहिला उपचार. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३चा काहीसा उपयोग दिसला आहे. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांबद्दलचा पुरावा मात्र कच्चा आहे.

"आता त्याला बसूनच राहू दे," हेही प्रेमापोटीच. पण बसून स्नायू झडतात आणि सगळा भार दुखऱ्या सांध्यावर येतो. एकदाच लांब फिरवण्यापेक्षा दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं, सपाट मातीवर चालवा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पहाटे आणि दिवस मावळल्यावरच.

जिन्याची सवय राहावी म्हणून ओढून चढवू नका. त्याचं अंथरूण, पाणी, जेवण खालीच हलवा. फरशीवर गोणपाट किंवा काथ्याच्या पट्ट्या अंथरा, पण कडा घट्ट बसवा, नाहीतर त्याच घसरतात. नखं वाढली की पंजा जमिनीवर नीट टेकत नाही, म्हणून ती कापा. पंजाच्या गाद्यांमधले केसही छाटा. दोन-तीन पायऱ्यांच्या ओट्याला खडबडीत फळीचा उतार करता येतो, तो जितका लांब तितका चांगला. पूर्ण उभ्या जिन्यावर फळी टाकणं धोक्याचं. तिथे तळाशी आणि वर फाटक लावावं, आणि वर न्यायचंच असेल तर पोटाखालून मोठा पंचा घालून मागचा भाग उचलून धरावा.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींचा, असं समजून लोक तिकडे फिरकत नाहीत. पहिली तपासणी तिथे करून घेता येते. पुढचं निदान लागलं तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय बदनापूरच्याच रेल्वेमार्गावर आहे. मात्र मागचे पाय अचानक लुळे पडले, फरफटत चालू लागला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी सपाट फळीवर निजवून, पाठ न वाकवता, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.